घरात दिसतं, मग बाहेरून का दिसत नाही?

घरच्या टीव्हीवर सगळं व्यवस्थित चालतं. मग बाहेरगावी गेल्यावर त्याच फोनवर, त्याच ॲपमध्ये काहीच का उघडत नाही? घरी मीडिया सर्व्हर मांडलेल्या जवळजवळ प्रत्येकाला हा प्रश्न पडतो.

मीडिया सर्व्हर ही काही मोठी यंत्रणा नव्हे. वापरात नसलेला लॅपटॉप, त्याला जोडलेली मोठी हार्ड डिस्क आणि जेलीफिन किंवा प्लेक्ससारखा एखादा प्रोग्रॅम, एवढ्यावर काम भागतं. व्हीएचएस कॅसेटवरून उतरवून घेतलेलं लग्न, आजोबांच्या पेटीवादनाचं रेकॉर्डिंग, शाळेच्या गॅदरिंगचे व्हिडिओ असा घरचा ठेवा त्यात एका जागी राहतो. पुढे तो बेंगळुरूला शिकणाऱ्या मुलीला किंवा न्यू जर्सीतल्या भावाला बघायचा असतो, आणि तिथे घोडं अडतं. मग राउटर बंद-चालू होतो, ॲप काढून पुन्हा टाकलं जातं, पासवर्ड बदलला जातो. बहुतेक वेळा यातलं काहीच बिघडलेलं नसतं. घरातल्या घरात सर्व्हरपर्यंत पोचणं आणि बाहेरून त्याच्यापर्यंत पोचणं या दोन निराळ्या गोष्टी आहेत. पहिली आपोआप जमते, दुसरी जमवावी लागते. ती जमत नसेल तर नेमकं कुठे अडलं आहे हे ठरावीक क्रमाने शोधता येतं. त्यासाठी इंजिनिअर असण्याची गरज नाही.

१. एका घराचे दोन पत्ते

इंटरनेटवरच्या प्रत्येक यंत्राला आकड्यांचा एक पत्ता असतो. त्याला आयपी ॲड्रेस म्हणतात. घरातल्या सर्व्हरचा पत्ता बघितला तर तो बहुधा १९२.१६८.१.२० असा काहीतरी दिसेल. आता गंमत अशी की हाच पत्ता शेजारच्या घरातल्या प्रिंटरचाही असू शकतो आणि कोल्हापुरातल्या एखाद्या दुकानातल्या कॅमेऱ्याचाही. १९९६ साली पत्त्यांचे तीन गट केवळ खासगी वापरासाठी राखून ठेवण्यात आले: १० ने सुरू होणारे, १७२.१६ पासून १७२.३१ पर्यंतचे आणि १९२.१६८ ने सुरू होणारे. हे पत्ते कुणीही आपल्या घरात वापरावेत, पण बाहेरच्या इंटरनेटवर त्यांना अर्थ नाही.

मोठ्या हाउसिंग सोसायटीचा विचार करा. '३०२ नंबरचा फ्लॅट' एवढं सोसायटीच्या आवारात पुरतं. पण कुरिअरवाल्याला नुसतं '३०२' सांगितलं तर तो कुठे जाणार? त्याला सोसायटीचा, रस्त्याचा पत्ता लागतो. घरातला आयपी हा फ्लॅट नंबर, आणि इंटरनेट कंपनीने तुमच्या राउटरला दिलेला आयपी हा सोसायटीचा पत्ता. टीव्हीच्या ॲपमध्ये चालणारा १९२.१६८.१.२० बेंगळुरूत टाकून उपयोग होत नाही, त्याचं कारण इतकं साधं आहे.

इथेच एक सूचना, कारण ती पाळली नाही तर पुढच्या सगळ्या चाचण्या फसव्या ठरतात. 'बाहेरून' चालतं का हे घरच्या वाय-फायवर बसून तपासू नका. आपल्याच घराचा बाहेरचा पत्ता आतून टाकला तर अनेक राउटर गोंधळतात आणि व्यवस्थित चालणारी जोडणीही बंद असल्यासारखी दाखवतात. फोनचं वाय-फाय बंद करा, मोबाइल डेटा चालू करा आणि मग बघा.

२. गेटवर काय होतं?

सोसायटीच्या गेटवरच्या वॉचमनचं काम घरात राउटर करतो. तुम्ही आतून एखादी वेबसाइट उघडता तेव्हा राउटर आपल्या वहीत नोंद करतो: अमुक यंत्राने तमुक ठिकाणी मागणी पाठवली आहे. उत्तर आलं की नोंद बघून ते योग्य यंत्राकडे पोचवतो. या व्यवस्थेला नॅट म्हणतात. केल्ड एगेवांग आणि पॉल फ्रान्सिस यांनी तिचं वर्णन १९९४ साली मांडलं. एकाच बाहेरच्या पत्त्यावर घरातली दहा-पंधरा यंत्रं सुखाने नांदतात ती या वहीच्या जोरावर.

पण बाहेरून कुणी न सांगता आला तर? वहीत नोंद नाही, कुणाकडे जायचं ते ठाऊक नाही. वॉचमन त्याला परत पाठवतो. समजा, तुमचं घर नाशिकला आहे; बेंगळुरूहून तुमच्या मुलीचा फोन त्या घराचा दरवाजा ठोठावतो तेव्हा नेमकं हेच होतं, आणि राउटरच्या दृष्टीने ते बरोबरच आहे.

उपाय म्हणजे वॉचमनला कायमची सूचना देऊन ठेवणं. त्यासाठी 'पोर्ट' समजून घ्यावा लागतो. एकाच यंत्रावर अनेक कामं चालतात, म्हणून प्रत्येक कामाला ० ते ६५५३५ मधला एक क्रमांक असतो. तोच पोर्ट. जेलीफिन सहसा ८०९६ वर ऐकतो, प्लेक्स ३२४०० वर. राउटरच्या सेटिंगमध्ये 'पोर्ट फॉरवर्डिंग' नावाचं पान असतं. तिथे लिहायचं की ३२४०० साठी कुणी आलं तर त्याला १९२.१६८.१.२० कडे पाठव. प्लेक्स ही नोंद यूपीएनपी नावाच्या सोयीतून राउटरकडून आपोआप करून घेण्याचा प्रयत्न करतो. ते कधी जमतं, कधी नाही, म्हणून हाताने केलेली नोंद अधिक भरवशाची.

३. आधी घरातच बघा

राउटरला हात लावण्यापूर्वी सर्व्हर स्वतः ठीक आहे ना, याची खात्री करायची. पहिली पायरी सर्व्हरच्याच कॉम्प्युटरवर. ब्राउझरमध्ये लोकलहोस्ट, मग विसर्गासारखी दोन टिंबं आणि पोर्टचा क्रमांक टाका (हे सगळं टाइप मात्र इंग्रजीत करायचं). पान उघडलं तर प्रोग्रॅम चालू आहे. दुसरी पायरी त्याच वाय-फायवरच्या फोनवरून. आता लोकलहोस्टच्या जागी सर्व्हरचा १९२.१६८ वाला पत्ता टाका.

पहिली पायरी जमली आणि दुसरी नाही, तर दोष बहुधा सर्व्हरच्या फायरवॉलमध्ये, म्हणजे बाहेरून येणाऱ्याला अडवणाऱ्या पहाऱ्यात असतो. विंडोज प्रत्येक नेटवर्कला 'प्रायव्हेट' किंवा 'पब्लिक' समजतं. घरचं वाय-फाय चुकून 'पब्लिक' ठरलं असेल तर ते इतर यंत्रांना दाद देत नाही. फोन पाहुण्यांसाठीच्या गेस्ट वाय-फायवर असेल तरीही हेच होईल, कारण गेस्ट वाय-फाय मुळात घरातल्या यंत्रांपासून वेगळं ठेवलेलं असतं. आणि सर्व्हर लॅपटॉप असेल तर झाकण लावल्यावर तो झोपी जातो का, हे सेटिंगमध्ये बघायला विसरू नका.

काल चालत होतं आणि आज बंद पडलं, असं असेल तर मी पहिला प्रश्न विचारतो: मध्ये लाइट गेली होती का? आपल्याकडे हा प्रश्न बरंच काही उलगडतो. राउटर घरातल्या यंत्रांना पत्ते तात्पुरते वाटतो, या वाटपाला डीएचसीपी म्हणतात. वीज जाऊन आली की सगळी यंत्रं नव्याने पत्ता मागतात, आणि काही राउटर जुनं वाटप विसरलेले असतात. समजा, तुम्ही पोर्टची नोंद १९२.१६८.१.२० साठी केली होती. वीज आल्यावर तो पत्ता घरातल्या कुणाच्या तरी फोनला मिळाला आणि सर्व्हरला मिळाला १९२.१६८.१.२३. नोंद जशीच्या तशी आहे, पण येणारा प्रत्येक जण आता चुकीच्या दारात जातो. यावर उपाय कायमचा आहे. राउटरच्या डीएचसीपीच्या पानावर 'रिझर्व्हेशन' करून सर्व्हरचा पत्ता राखून ठेवा. शिवाय बहुतेक डेस्कटॉप कॉम्प्युटरच्या बायोसमध्ये वीज परत आल्यावर आपोआप सुरू होण्याची सोय असते, तीही चालू करा. नाहीतर घरात कुणी नसताना गेलेली लाइट सर्व्हर बंद करून जाईल आणि तुम्ही बेंगळुरूत बसून राउटरला दोष देत राहाल.

४. दोन आकडे शेजारी मांडा

घरात सगळं ठीक, पत्ता राखलेला, पोर्टची नोंद अचूक, आणि तरीही मोबाइल डेटावरून उघडत नाही. इथवर येऊन बरेच लोक हरतात आणि राउटरची सगळी सेटिंग पुन्हा पुन्हा चाळत बसतात. त्याऐवजी ही एक तपासणी करा. या प्रकरणातली एकच गोष्ट लक्षात ठेवायची झाली, तर हीच ठेवा.

राउटरच्या पानावर 'वॅन आयपी' किंवा 'इंटरनेट आयपी' असं लिहिलेला पत्ता शोधा आणि कागदावर उतरवा. मग घरच्याच वाय-फायवरून 'माझा आयपी काय' हे सांगणारी कोणतीही साइट उघडा आणि तिने दाखवलेला पत्ता त्याच्या खाली लिहा. (व्हीपीएन चालू असेल तर आधी बंद करा.)

दोन्ही आकडे सारखे असतील, तर तुमचा राउटर खऱ्या इंटरनेटला थेट जोडलेला आहे. मग दोष पोर्टच्या नोंदीत किंवा फायरवॉलमध्येच आहे आणि शोधला की सापडेल.

राउटरवरचा आकडा १९२.१६८ ने सुरू होत असेल, तर तुमच्या राउटरच्या पुढे आणखी एक राउटर आहे. फायबर कंपनीने भिंतीवर लावलेली पेटी स्वतःच राउटर असते. तिला आपण बाजारातून आणलेला चांगला राउटर जोडतो आणि दोन वॉचमन एकामागे एक उभे राहतात. आतल्याला सूचना दिली, बाहेरच्याला दिलीच नाही. याला 'डबल नॅट' म्हणतात. कंपनीला सांगून त्यांची पेटी 'ब्रिज मोड'मध्ये टाकून घ्या, म्हणजे तिचं राउटरचं काम बंद होईल, किंवा दोन्ही पेट्यांवर पोर्टची नोंद करा.

तिसरी शक्यता आपल्या देशात सर्रास आढळते. राउटरवरचा आकडा १०० ने सुरू होतो आणि पुढचा भाग ६४ ते १२७ च्या मध्ये असतो. उदाहरणार्थ, १००.७२.१५.९. इथे ७२ हा आकडा ६४ आणि १२७ यांच्या मध्ये येतो, म्हणजे तुम्ही 'सीजीनॅट'च्या मागे आहात. तोच आकडा १००.२० ने सुरू झाला असता तर तो साधा सार्वजनिक पत्ता ठरला असता, म्हणून दुसरा भाग नीट बघायचा. काही कंपन्या यासाठी १० ने सुरू होणारे पत्तेही वापरतात. आकडे यात कुठेच बसत नसतील, पण दोन्ही वेगळे असतील, तरी अर्थ तोच घ्यायचा.

सीजीनॅट म्हणजे इंटरनेट कंपनीने स्वतःच्या पातळीवर केलेलं नॅट. तुमच्या सोसायटीला आता रस्त्यावरचा पत्ताच नाही. ती एका प्रचंड टाउनशिपच्या आत आहे, टाउनशिपला एकच मुख्य फाटक आहे आणि त्यावरचा वॉचमन तुमचं ऐकत नाही. तुम्ही आपल्या गेटवर कितीही सूचना लिहून ठेवा, येणारा त्या गेटपर्यंत पोचतच नाही.

कंपन्या असं का करतात? पत्ते संपले म्हणून. जुन्या पद्धतीचा आयपी पत्ता ३२ बिटांचा, म्हणजे सगळे मिळून सुमारे ४२९ कोटी. १९८१ साली ही रचना ठरली तेव्हा ती संख्या अफाट वाटत होती. ३ फेब्रुवारी २०११ रोजी जागतिक साठ्यातले शेवटचे गट वाटले गेले. त्याच वर्षी १५ एप्रिलला आशिया-पॅसिफिक विभागाचं वाटप करणारी संस्था, एपनिक, आपल्या शेवटच्या राखीव गटावर आली आणि तिथून पुढे रेशनिंग सुरू झालं. २०१२ मध्ये १००.६४ पासूनचे सुमारे ४२ लाख पत्ते खास सीजीनॅटसाठी राखण्यात आले. आपल्याकडे घरोघरी स्वस्त इंटरनेट पोचलं ते यानंतर. ज्या देशांत ब्रॉडबँड आधी आलं त्यांच्याकडे जुन्या पत्त्यांचा साठा होता. आपल्या वाट्याला गर्दी मोठी आणि पत्ते थोडे आले. म्हणून परदेशी पुस्तकं आणि व्हिडिओ 'पोर्ट फॉरवर्ड करा, झालं' असं सांगतात तेव्हा ते खोटं सांगत नसतात. ते त्यांच्याकडचं सांगत असतात.

५. मोठ्या फाटकातून वाट

पहिला मार्ग पैशांचा. इंटरनेट कंपनीकडे 'स्टॅटिक पब्लिक आयपी' मागायचा. बऱ्याच कंपन्या जादा पैसे घेऊन देतात. कस्टमर केअरला फोन कराल तेव्हा 'सर्व्हर चालत नाही' असं सांगू नका, तो विषय त्यांचा नाही. 'माझा वॅन आयपी सीजीनॅटमधला आहे, मला पब्लिक आयपी हवा आहे' असं थेट म्हणा.

दुसरा मार्ग नव्या पद्धतीच्या पत्त्यांचा, म्हणजे आयपीव्ही६ चा. हा पत्ता १२८ बिटांचा असतो, त्यामुळे घरातल्या प्रत्येक यंत्राला स्वतःचा खरा पत्ता मिळू शकतो. याच्या वापरात भारत जगातल्या आघाडीच्या देशांपैकी आहे. पण दोन्ही टोकांना आयपीव्ही६ हवं, आणि हॉस्टेल-ऑफिसांच्या वाय-फायवर ते असेलच असं नाही. राउटरच्या फायरवॉलमध्ये परवानगीही वेगळी द्यावी लागते.

प्लेक्स वापरणाऱ्यांना तिसरी एक सोय दिसते. थेट जोडणी जमली नाही तर प्लेक्स आपल्या मधल्या सर्व्हरमार्फत, म्हणजे 'रिले'ने चित्र पाठवतो. त्याचा वेग एक-दोन एमबीपीएसवर बांधलेला असल्यामुळे चित्र धुरकट येतं. सिनेमा दिसतो पण पाट्या वाचता येत नाहीत, अशी तक्रार असेल तर रिलेचा संशय घ्या. आणखी एक: एप्रिल २०२५ पासून प्लेक्सने स्वतःच्या सर्व्हरवरचं बाहेरून बघण्यासाठी पैसे आकारायला सुरुवात केली. आधी चालणारं ॲप आता पैशांचं पान दाखवत असेल तर राउटर तपासून उपयोग नाही. जेलीफिन मुक्त आहे, त्यात अशी आकारणी नाही, पण त्यात रिलेही नाही.

चौथा मार्ग खासगी बोगद्याचा, आणि सीजीनॅटमागे असणाऱ्या घरांनी सरळ हाच घ्यावा असं माझं ठाम मत आहे. वायरगार्ड हे जेसन डोनेनफेल्ड यांनी बनवलेलं तंत्र २०२० मध्ये लिनक्सच्या गाभ्यात सामील झालं. टेलस्केलसारख्या सेवा त्याच पायावर उभ्या आहेत. सर्व्हरवर आणि फोनवर टेलस्केल टाकून एकाच खात्याने लॉग-इन करायचं. आता दोन्ही यंत्रं आपापल्या गेटमधून बाहेर पडतात, आणि बाहेर जाणाऱ्याला कुठलाच वॉचमन अडवत नाही. बाहेर त्यांची ओळख पटली की दोघांत कुलूपबंद बोगदा तयार होतो. थेट जमलं नाही तर त्यांचाही रिले असतो, फक्त तो हळू चालतो. पोर्ट उघडायचा नाही, कंपनीला फोन करायचा नाही. सर्व्हरला टेलस्केलने दिलेला पत्ता, पुढे ८०९६, इतकं जेलीफिनच्या ॲपमध्ये टाकलं की झालं.

एक घोळ मात्र टाळा. टेलस्केलचे पत्तेही त्याच १००.६४ ते १००.१२७ च्या गटातले असतात. ते बघून 'मी सीजीनॅटमध्ये आहे' असा निष्कर्ष काढू नका. तो निर्णय राउटरच्या वॅन आयपीवरूनच करायचा. बोगद्याची मर्यादाही सांगतो: बघणाऱ्या यंत्रावर त्याचं ॲप चालायला हवं. अँड्रॉइड टीव्ही आणि ॲपल टीव्हीवर ते मिळतं, इतर अनेक स्मार्ट टीव्हींवर मिळत नाही.

६. जोडलं गेलं, पण अडकत चालतं

आता प्रश्न वेगाचा, आणि इथे लोक चुकीचा आकडा बघतात. तुम्ही सिनेमा बेंगळुरूत डाउनलोड करत असता, पण नाशिकचं घर तो अपलोड करत असतं. म्हणून घरचा अपलोड वेग महत्त्वाचा. जाहिरातीत ठळक छापलेला आकडा मात्र बहुतेकदा डाउनलोडचा असतो.

किती वेग लागेल ते कागदावर काढता येतं. दोन तासांचा सिनेमा ९ जीबीचा आहे. म्हणजे ९,००० मेगाबाइट. एका बाइटमध्ये ८ बिट, म्हणून ७२,००० मेगाबिट. दोन तासांचे ७,२०० सेकंद. भागाकार १०. सरासरी १० एमबीपीएस लागतात, धावपळीच्या दृश्यांत त्याहून जास्त. घरचा अपलोड ८ असेल तर तो सिनेमा अडकणारच.

अशा वेळी ॲपमध्ये दर्जा कमी करता येतो. सर्व्हर चित्र तिथल्या तिथे आकसून पाठवतो, याला ट्रान्सकोडिंग म्हणतात, आणि हे काम प्रोसेसरला दमवतं. यातूनच निदानाची युक्ती मिळते. दर्जा कमी केल्यावर चित्र सुरळीत चाललं, तर अडचण अपलोडची होती. दर्जा कमी केल्यावर आणखी अडकू लागलं, तर तुमच्या जुन्या लॅपटॉपला ट्रान्सकोडिंग झेपत नाही. तेव्हा सिनेमाची एक लहान प्रत आधीच करून ठेवणं उत्तम.

अमेरिकेतून बघणाऱ्यांनी अंतरही धरावं. मुंबई ते न्यूयॉर्क सुमारे १२,५०० किलोमीटर, आणि काचेच्या तंतूत प्रकाश सेकंदाला साधारण दोन लाख किलोमीटर जातो. जाऊन-येऊन किमान सव्वाशे मिलिसेकंद लागतात, केबल वळणं घेत जाते म्हणून प्रत्यक्षात जास्तच. सिनेमा सुरू व्हायला आणि पुढे सरकवल्यावर सावरायला थोडा वेळ लागेल, तो बिघाड समजू नये.

७. दार उघडं ठेवण्याची किंमत

पोर्ट उघडला की तो फक्त तुमच्या मुलीसाठी उघडत नाही, साऱ्या जगासाठी उघडतो. इंटरनेटवर रात्रंदिवस पत्ते चाचपणारे प्रोग्रॅम फिरत असतात. २०२२ साली पासवर्ड सांभाळणाऱ्या लास्टपास कंपनीतल्या एका इंजिनिअरच्या घरच्या कॉम्प्युटरवर प्लेक्सची जुनी आवृत्ती होती. तिच्यातल्या त्रुटीची दुरुस्ती मे २०२० मध्येच निघाली होती, पण ती टाकलेली नव्हती. हल्लेखोर तिथून शिरले, टाइप होणारी अक्षरं टिपणारा प्रोग्रॅम बसवला आणि कंपनीच्या तिजोरीपर्यंत पोचले. घरचा सिनेमाचा सर्व्हर किरकोळ समजू नये, तो घरातल्या इतर सगळ्या यंत्रांच्या शेजारी बसलेला असतो.

म्हणून पोर्ट उघडणारच असाल तर प्रोग्रॅम अद्ययावत ठेवा आणि प्रत्येकाला स्वतंत्र, लांब पासवर्ड द्या. जेलीफिनचा ८०९६ उघड्या स्वरूपात बोलतो, म्हणजे पासवर्डही वाटेत वाचता येतो. त्याच्यापुढे एचटीटीपीएस बसवल्याशिवाय तो बाहेर काढू नका. 'चालून तर बघू' म्हणून फायरवॉल पूर्ण बंद करणं, किंवा राउटरच्या 'डीएमझेड' सोयीने सर्व्हरचे सगळे पोर्ट एकदम उघडणं, या दोन गोष्टी चाचणीपुरत्याही करू नका, कारण चाचणी संपल्यावर ते परत फिरवायचं राहून जातं.

आणि बोगदा जमला असेल तर आधीच्या खटपटीत केलेल्या पोर्टच्या नोंदी राउटरमधून काढून टाका, यूपीएनपीही बंद करा. मग फोनचं वाय-फाय आणि टेलस्केल दोन्ही बंद करून, मोबाइल डेटावर घराचा बाहेरचा पत्ता आणि तो पोर्ट टाकून बघा. पान उघडलं, तर एखादी नोंद अजून शिल्लक आहे.